विशेष गरजा असणाऱ्या बालकांचे प्राथमिक गणित आणि कृतियुक्त साहित्य : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रास्ताविक

गणित हा विषय अमूर्त आहे आणि बालकाचा विचार मूर्त वस्तूंच्या आधाराने चालतो, हे विधान अध्यापनशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आढळते. ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलेले कृती, प्रतिमा आणि चिन्ह हे तीन टप्पे बी.एड.च्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. त्यावरून काढला जाणारा निष्कर्षही ठरलेला असतो : बालकाच्या हाती मणी, काड्या, ठोकळे द्यावेत, म्हणजे त्याला गणित समजेल. विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या बाबतीत तर हा निष्कर्ष अधिकच आग्रहाने मांडला जातो. सर्व शिक्षा अभियानापासून २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेपर्यंत, आणि राज्यातील शाळांना पुरविण्यात आलेल्या गणित पेट्यांपासून २०२१ च्या निपुण भारत अभियानापर्यंत, या विचाराला शासनमान्यताही मिळाली आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख या विचाराच्या विरोधात नाही. साहित्य हाती आल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही. पेटी शाळेत पोहोचली की नाही, याची नोंद होते. काड्या बाजूला ठेवल्यानंतर बालकाजवळ काय उरले, याची होत नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण, डोंगराळ आणि मोठी आदिवासी लोकसंख्या असलेल्या तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहणे उद्बोधक ठरते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर जुन्या ठाणे जिल्ह्याचा बराचसा आदिवासी पट्टा तिकडे गेला. तथापि हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. लोकलच्या अंतरावर महानगर आणि पाड्यावर दोन शिक्षकांची बहुवर्ग शाळा, अशी येथील शैक्षणिक स्थिती आहे.

हाताने शिकण्याची परंपरा

साहित्याधारित गणिताचा उगम विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या शिक्षणातच आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे आपले पहिले बालगृह उघडण्यापूर्वी बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकांसाठी काम केले होते, आणि इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या प्रयोगांतून त्यांना साहित्याची कल्पना मिळाली होती. सर्वसामान्य बालकांसाठी जगभर वापरली जाणारी सोनेरी मण्यांची माळ वा खरखरीत कागदाचे अंक ही त्याच मुळाची फांदी होय. म्हणजे आज ‘समावेशना’च्या नावाने जे साहित्य या बालकांना दिले जाते, ते एका अर्थाने त्यांचेच त्यांना परत केले जात आहे.

ही परंपरा ठाणे जिल्ह्यात फार पूर्वी आली. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात असले, तरी त्या काळी ते ठाणे जिल्ह्यातच होते. मॉन्टेसरी साहित्य महाग आणि परके आहे, हे ओळखून या दोघींनी बिया, शंख-शिंपले, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंचा उपयोग केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे न्यावी, म्हणून अंगणवाडी व कुरणशाळा उभ्या केल्या. हे प्रयोग अक्षमता असलेल्या बालकांसाठी म्हणून केलेले नव्हते. तरीही त्यांतील एक सूत्र प्रस्तुत विषयाला थेट लागू पडते. साहित्य स्थानिक असावे ते केवळ स्वस्त पडते म्हणून नव्हे, तर ती वस्तू बालकाच्या व्यवहारात आधीपासून अर्थ घेऊन आलेली असते म्हणून. आजच्या शासकीय प्रशिक्षणांतून ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे वाक्य राहिले आणि सूत्र मात्र गळाले. बाटलीची झाकणे रंगवून ओळीत मांडणे म्हणजे कोसबाडचा वारसा नव्हे.

शहापूर-मुरबाडच्या परिसरात असा अर्थ घेऊन आलेल्या वस्तू भरपूर आहेत. आवणीच्या वेळी भाताची रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधल्या जातात. कापणीनंतर भारे बांधले जातात. अनेक सुट्या वस्तूंचा मिळून एक नवा ‘एक’ तयार होतो, ही दशकाची मूळ कल्पना बालकाने शेतात पाहिलेली असते. घरातील वृद्धांच्या बोलण्यात ‘तीन विसा’ म्हणजे साठ, असा विसांनी मोजण्याचा प्रकार असतो. मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे एकमेकांच्या दुपटीने वाढत जातात. ज्या घरात ती अजून टिकून आहेत, तेथे अर्धा आणि पाव या संकल्पनांसाठी कागदी चकत्यांची गरज नाही. भात भरून आणि ओतून पाहणे पुरेसे आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाला एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लावताना विशेष अडचण येते, हे विशेष शिक्षणातील सर्वमान्य निरीक्षण होय. अशा बालकासाठी शाळेतील वस्तू आणि घरातील वस्तू एकच असणे याचे मोल फार मोठे आहे.

वस्तू ते चिन्ह : मधला पूल

वस्तू हातात आली म्हणजे कल्पना डोक्यात गेली, हा समज किती भाबडा आहे, हे अमेरिकेतील गणित-शिक्षणतज्ज्ञ डेबोरा बॉल यांनी १९९२ च्या एका लेखात दाखवून दिले. जे गणित शिक्षकाला ठोकळ्यांत दिसते, ते त्याला आधीच ठाऊक असते म्हणून दिसते. बालकाला तेथे ठोकळेच दिसतात. उट्टल, स्कडर आणि डिलोश या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला. साहित्य हे स्वतःच एक प्रतीक आहे, आणि एकाच वस्तूकडे वस्तू म्हणून व प्रतीक म्हणून पाहणे लहान मुलाला कठीण जाते. साहित्य जितके आकर्षक, तितका हा अडसर वाढण्याची शक्यता. रंगीत प्लॅस्टिकच्या आंब्यांनी बेरीज शिकविणाऱ्या शिक्षकाने हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुलाचे लक्ष आंब्यावर राहते, पाचावर नाही. कार्बोनो व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यातही साहित्याचा लाभ सरसकट आढळला नाही. शिक्षकाचे मार्गदर्शन किती आणि कोणते, यावर तो अवलंबून होता.

हे निष्कर्ष वजाबाकीच्या एका साध्या उदाहरणावर तपासता येतात. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे आहेत. बालकासमोर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. सात काड्या द्यायच्या, पण सुट्या दोनच. येथे एका गठ्ठ्याचे रबर सोडावे लागते. रबर सुटते, दहा काड्या पसरतात, सुट्या बारा होतात. त्यांतून सात गेल्या, पाच उरल्या. तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन उरले. दशक ‘सुटा करणे’ हा शब्दप्रयोग येथे शब्दशः खरा होतो. आता याच ठिकाणी तयार प्लॅस्टिकचा दशक-दांडा घ्यावा. तो सुटत नाही. तो बाजूला ठेवून त्याच्या ऐवजी दहा सुटे ठोकळे ‘आणावे’ लागतात, आणि ही अदलाबदल न्याय्य आहे, यावर बालकाने विश्वास ठेवावा लागतो. सर्वसामान्य बालक हा विश्वास पटकन ठेवते. ज्याला संख्येचे अक्षयत्वच अजून स्थिर झालेले नाही, त्याच्या दृष्टीने मात्र शिक्षकाने एक वस्तू लपवून दुसरी आणली, एवढेच घडते. पेटीतील सुबक दांड्यापेक्षा रबराने बांधलेल्या काड्या श्रेष्ठ ठरतात त्या या कारणाने. सुबकपणा हा साहित्यनिवडीचा निकष ठरू लागला की अशी चूक होते.

काड्या सुटल्या, तरी पूल पूर्ण होत नाही. प्रत्येक हालचालीबरोबर अंक लिहिला गेला पाहिजे. रबर सोडताक्षणी पाटीवरील ४ खोडून ३ लिहायचा आणि २ च्या जागी १२. बहुतेक वर्गांत क्रम असा असतो : आधी अर्धा तास काड्या, मग काड्या गोळा करून फळ्यावर उदाहरणे. दोन्ही गोष्टी होतात, पण एकमेकींना भेटत नाहीत. मराठीत बेरजेतील पुढे नेलेल्या अंकाला ‘हातचा’ म्हणतात. ज्या बालकाच्या हातून दहा सुट्या काड्यांचा गठ्ठा खरोखर बांधला गेला आणि त्याच वेळी तो दशकाच्या घरात लिहिला गेला, त्याच्यासाठीच हा शब्द जिवंत राहतो.

विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या बाबतीत येथे परस्परविरोधी अशा दोन चुका घडतात. पहिल्या प्रकारात वर्ग पुढे गेला म्हणून साहित्य काढून घेतले जाते. दुसऱ्या प्रकारात ते कधीच काढले जात नाही. ‘त्याला मणी द्या, तो रमतो’ हे वाक्य दयाळूपणाने उच्चारले जाते, आणि तिसरीतील मूल पहिलीतील मणी चौथ्या वर्षीही मोजत बसते. रमणे आणि शिकणे यांतील फरक पुसला गेला की समावेशित शिक्षण म्हणजे केवळ एका खोलीत बसविणे उरते. साहित्य मागे घेण्याचीही योजना हवी : प्रथम सर्व काड्या उघड्या, मग काही काड्या कापडाखाली झाकलेल्या, मग काड्यांचे चित्र, मग केवळ रेघा, आणि शेवटी अंक. ही शिडी काही बालके दोन आठवड्यांत चढतील, काही दोन वर्षांत. कोण कोणत्या पायरीवर आहे, हे लिहिलेले नसेल, तर साहित्य देणे आणि न देणे यांत फारसे अंतर राहत नाही.

संख्यानामांचा अडसर

साहित्यावरील चर्चेत आपली भाषा सहसा वगळली जाते. ही उणीव गंभीर आहे, कारण मराठीत काड्यांचा क्रम आणि शब्दांचा क्रम उलट आहेत. दोन गठ्ठे व तीन काड्या मांडल्यावर डोळ्यांना आधी वीस दिसतात, मग तीन. लिहितानाही आधी २, मग ३. बोलताना मात्र ‘तेवीस’, म्हणजे तीन आधी. शिवाय अकरा ते नव्याण्णवपर्यंतची नावे जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. ही वजाबाकी शब्दात लपलेली असते. एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो, आणि नव्याण्णवला अचानक मोडतो. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारे मूल निष्काळजी असतेच असे नाही. त्याने ऐकलेला क्रम प्रामाणिकपणे लिहिलेला असतो. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या भाषेतील पहिलीच्या मुलांच्या अभ्यासात ऐकलेल्या संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलट्या क्रमाशी निगडित आढळल्या. गणन-अक्षमता वा श्रवणदोष असलेल्या बालकावर हा भार किती पडत असेल, याची कल्पना करता येते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत आली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, हेही स्पष्ट करण्यात आले. तथापि विधानसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत जो वाद झाला, तो मुख्यतः भाषेची अस्मिता आणि विनोद यांच्याभोवती फिरला. ज्या बालकाला ‘सदुसष्ट’ उच्चारताही येत नाही आणि उमगतही नाही, त्याचा विचार त्या गदारोळात अभावानेच झाला. विशेष गरजांच्या दृष्टीने पाहता ही रीत म्हणजे हाताला, डोळ्यांना आणि जिभेला एकाच क्रमात आणणारा एक उत्तम उपाय होता. त्याची मर्यादाही आहे. दुकानदार ‘सदुसष्ट रुपये’ असेच म्हणणार. म्हणून काड्या मांडताना ‘साठ सात’ आणि व्यवहाराच्या खेळात ‘सदुसष्ट’, असे दोन्ही शब्द जोडीने द्यावे लागतील. पहिला शिडी म्हणून, दुसरा बाजारासाठी. कातकरी, ठाकूर, वारली घरांतील मुलांना पाठ्यपुस्तकाची मराठी हीच मुळात दुसरी बोली असते, हे लक्षात घेतल्यास या दुहेरी योजनेची निकड अधिकच पटते. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरातील ‘तीन विसा’ची पद्धत समूहाला आधी मोजणारी आहे, आणि ‘साठ दोन’ या रचनेला ती प्रमाण मराठीपेक्षा जवळची पडते, हा योगायोग उपयोगात आणण्याजोगा आहे.

येथे आणखी एक धोका संभवतो. भाषा न समजल्याने वा स्थलांतरामुळे मागे पडलेल्या मुलावर ‘मंद’ असा शिक्का बसणे आणि खरोखर गणन-अक्षमता असलेले मूल ‘आदिवासी आहे, शाळेत येत नाही’ या स्पष्टीकरणाखाली झाकले जाणे, हे दोन्ही एकाच वर्गात घडू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अक्षमतांचे २१ प्रकार मान्य केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश केला. परंतु २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळते. संख्याबोध घडण्याची पहिली-दुसरीची वर्षे तोपर्यंत उलटलेली असतात. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी २०१५ मध्ये तयार झालेली ‘डाली’ ही चाचणी वाचनाच्या अडचणींसाठी आहे, गणिताच्या नव्हे. त्यात डोळखांब वा टोकावडे परिसरातील पालकाला मुलासह जिल्हा रुग्णालय गाठायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते. प्रमाणपत्राची वाट न पाहता काड्या आणि पाटी यांच्या आधारे शिक्षकाने केलेले निरीक्षण हेच या भागात पहिले निदान ठरते.

एकच पेटी, अनेक बालके

‘विशेष गरजा’ हा शब्द सोयीचा असला, तरी तो फार वेगवेगळ्या बालकांना एका पिशवीत घालतो. अंध बालकाला काड्यांचा गठ्ठा चालतो, पण लेखनासाठी टेलर पाटी किंवा मण्यांची चौकट लागते. टेलर पाटीत अष्टकोनी छिद्रात खिळा कोणत्या दिशेला बसविला, यावर अंक ठरतो. म्हणजे येथे चिन्हही स्पर्शानेच वाचले जाते, आणि वस्तू ते चिन्ह हा पूल डोळस बालकापेक्षा वेगळा बांधावा लागतो. मेंदूच्या पक्षाघाताने हातावर ताबा नसलेल्या बालकाला बारीक काड्या हा खेळ नव्हे, छळ आहे. त्याला मोठे ठोकळे, कडा असलेले ताट, किंवा नजरेने दाखविण्याची मुभा हवी. कर्णबधिर बालकाला काड्यांची अडचण नसते. ‘रमेशपेक्षा किती कमी’ या वाक्याची असते. देवनागरीतील १ आणि ९ यांत गोंधळणाऱ्या बालकाला खरखरीत अंकावरून बोट फिरविण्याचा सराव लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१४ मध्ये प्राथमिक स्तरासाठी काढलेल्या समावेशनाच्या हस्तपुस्तिकेचा गुण हा, की तीत वेगळा अभ्यासक्रम न देता आहे त्याच पाठात फेरबदल सुचविले आहेत. बहुवर्ग शाळेतील शिक्षकाला असेच काही उपयोगी पडते. गटसाधन केंद्रातून फिरतीवर येणाऱ्या विशेष शिक्षकाने त्या भेटीत मुलाला बाजूला नेऊन शिकविण्यापेक्षा वर्गशिक्षकासोबत पुढील पाठाचे असे फेरबदल बसवून दिले, तर त्या भेटीचा परिणाम तो निघून गेल्यावरही टिकेल.

नाणी-नोटांच्या खेळाविषयी थोडे. बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाच्या पुढील आयुष्यात पैशाचा हिशेब हे स्वावलंबनाचे मोठे साधन असते. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून घोषित झाले होते. त्या घोषणेचे पुढे काय झाले, हा वेगळा विषय. परंतु पैसा हातातून पडद्यावर सरकू लागला, की हाताळता येणारी संख्या आणखी एका ठिकाणाहून नाहीशी होते, हे नोंदवायला हवे. याच तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा या चर्चेत वेगळ्या कारणाने आठवते. आयुष्यभर बाजारहाट आणि शेतीचा हिशेब तोंडी सांभाळलेल्या स्त्रिया तेथे अंक गिरवू लागल्या. त्यांच्याजवळ वस्तू आणि व्यवहार दोन्ही होते, चिन्ह तेवढे नव्हते. पेटीतील मण्यांवर अडकलेल्या बालकाची स्थिती वरवर तशीच दिसते, प्रत्यक्षात मात्र त्याच्याजवळ व्यवहारही नसतो.

दिवाळीनंतर या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासोबत जाणारे विशेष गरजा असलेले मूल शिडीच्या ज्या पायरीवर होते, तेथून खाली येते. भट्टीवर मोजण्यासारखे काही नसते असे नाही. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते, विटा रांगांत रचलेल्या असतात, आणि रांगांनी मोजणे हाच गुणाकाराचा पाया होय. त्या भट्टीजवळच्या शाळेला या मुलाविषयी काहीच ठाऊक नसते, ही खरी अडचण. स्थलांतरित बालकांना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी पत्रकावर त्याचे नाव व इयत्ता येते, ‘वीसपर्यंत गठ्ठा बांधतो, सोडतो, झाकलेल्या काड्या अजून मोजता येत नाहीत, तेवीस ऐकून बत्तीस लिहितो’, अशा तीन ओळी त्यावर येत नाहीत. त्या लिहिण्यास वर्गशिक्षकाला पाच मिनिटे पुरतात, आणि पत्रकासोबत रबराने बांधलेल्या काड्यांचे दोन गठ्ठे मुलाच्या दप्तरात सहज मावतात.